गंजातून लोखंड

पावसाळाभर आढ्याला खोचून ठेवलेला विळा धान कापायला काढला, की पात्यावर तांबडी पूड धरलेली असते. ही पूड आणि गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातला तांबडा दगड एकाच कुळातले. दोन्हींत लोखंडाला प्राणवायू चिकटलेला. गावचा लोहार विळा तापवून ठोकतो, तेव्हा गंजाच्या खपल्या गळून पडतात. पण गंजात गेलेलं लोखंड काही परत येत नाही. ते परत आणायची विद्या वेगळी, आणि ती विदर्भात फार जुनी आहे.

नागपूर जिल्ह्यात नैकुंडला 1978 ते 1980 दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तिथे लोखंड गाळायची भट्टी निघाली, इसवी सनापूर्वी सुमारे 700 वर्षांची. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातही लोहाऱ्यासारख्या गावांजवळ अशा भट्ट्या एकोणिसाव्या शतकापर्यंत पेटत होत्या. मातीच्या भट्टीत लाकडी कोळसा आणि फोडलेला दगड थरावर थर भरायचा नि भात्याने वारा घालत राहायचं. कोळशातून निघणारा वायू दगडातला प्राणवायू ओढून घेतो. लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. इतकी आच या भट्टीत होत नसे. म्हणून दगडातली मळी तेवढी वितळून खाली वाहायची आणि आत उरायचा स्पंजासारखा, छिद्राछिद्रांचा गोळा. तो लालभडक असतानाच घणाखाली घालून उरलेली मळी पिळून काढायची. लोहखंड, म्हणजे लोहाचा तुकडा, यावरून आपला ‘लोखंड’ शब्द आला. भट्टीतून खरोखरच तुकडा निघे. मळीही वाया जात नसे. जुन्या मळीचं मंडूर भस्म वैद्य आजही देतात.

1882 साली फोन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला आणि त्यांच्या मनात कारखाना शिरला. वरोऱ्याचा कोळसा मात्र कामाला येईना. टाटांचं पोलाद अखेर 1912 मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, निघालं. इकडे विलायती लोखंड स्वस्त झालं, सरकारने राखीव केलेल्या जंगलातून कोळसा पाडणं अवघड झालं, आणि भट्ट्या विझल्या.

आज गोंडपिपरीहून वैनगंगा ओलांडून आष्टीकडे गेलं, की जवळच कोनसरीला स्पंज आयर्नचा कारखाना आहे. लोखंड न वितळवता त्यातला प्राणवायू काढून घ्यायचा, हे त्याचं तत्त्व नैकुंडच्या भट्टीचंच. त्या जुन्या लोहारांना धातुशास्त्रज्ञ म्हणायला आपण फार उशीर केला आहे.

नांगरताना काळा, जड, काचेसारखा चकाकणारा दगड लागला, तर तो धुऱ्यावर फेकू नका; ती अशाच एखाद्या जुन्या भट्टीची मळी असू शकते. जागेची खूण ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.