कॅम्परव्हॅनची ऑनिंग रेल : तिच्यावर काय अडकवावे, किती आणि कसे

ऑनिंग रेल म्हणजे कॅम्परव्हॅनच्या छताच्या कडेला, बहुतेक वेळा सरकत्या दाराच्या वर, बसवलेली ॲल्युमिनियमची लांब पट्टी. तिचा आडवा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. आत गोल पोकळी, बाहेरच्या बाजूला अरुंद फट. गाडीला लागून उभारायच्या कापडी मांडवाच्या, म्हणजे ऑनिंगच्या, कडेत एक जाड दोरी शिवलेली असते. ही कड रेलच्या टोकातून आत घालून ओढत पुढे न्यायची. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी सरकवतो तसाच हा प्रकार, फक्त इथे नेफा धातूचा आहे. कापड फटीतून बाहेर येते, दोरी फटीपेक्षा जाड असल्याने आत अडकून राहते. अशा दोरीच्या कडेला जर्मनीत 'केडर' म्हणतात आणि कॅम्पिंगच्या दुकानांत हाच शब्द 'केडर' किंवा 'कॅडोर' असा वापरला जातो.

मूळ काम ऑनिंग धरण्याचे असले तरी एकदा रेल बसली की तिच्यावर इतर वस्तूही येऊ लागतात. दिव्यांची पट्टी, वारा अडवणारा पडदा, कपडे वाळत घालायची दोरी, ओले टॉवेल, कंदील, कधी कधी झोपाळासुद्धा. खाचेतून सरकणारे प्लॅस्टिकचे छोटे हुक मिळतात, त्यामुळे काहीही लटकवणे सोपे होते. अडचण इथूनच सुरू होते.

रेल ही खुंटी नाही

रेल ताण सहन करते तो तिच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो म्हणून. तीन मीटर कापडाचा ओढा तीन मीटर ॲल्युमिनियमवर पसरतो. तोच ओढा एका हुकावर आला, तर रेलच्या दीड-दोन सेंटिमीटर भागाला तो एकट्याने पेलावा लागतो. तिथली पातळ ओठासारखी कड बाहेर वळते, फट रुंदावते आणि पुढच्या वेळी नेमक्या त्याच जागी केडर निसटते. पक्कडीने कड पुन्हा आत दाबता येते, पण वाकवून सरळ केलेले ॲल्युमिनियम पहिल्याइतके मजबूत राहत नाही. अनेकदा ते तडकते.

कपड्यांच्या दोरीचे उदाहरण घ्या. रेलवरच्या एका हुकापासून समोरच्या झाडापर्यंत चार मीटरची दोरी बांधली आणि मधोमध चार किलो ओले कपडे टाकले. दोरी मध्ये 20 सेंटिमीटर झोळली, तर दोरीतला ताण सुमारे 20 किलो वजनाइतका होतो. कपड्यांच्या वजनाच्या पाचपट! शिवाय हा ओढा जवळजवळ आडवा, म्हणजे हुक फटीतून उपसून काढण्याच्या दिशेने असतो. दोरी जितकी ताठ, तितका ताण अधिक. म्हणून दोरी सैल ठेवावी. त्याहून बरे म्हणजे ती दोन झाडांमध्ये बांधावी.

झोपाळ्याबद्दल तर प्रश्नच नको. 70 किलोचा माणूस झोपला आणि झोपाळ्याच्या दोऱ्या आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असल्या, तर प्रत्येक टोकावर साधारण 70 किलोचाच ओढा येतो, आणि माणूस कूस बदलतो तेव्हा त्याहून जास्त. कोणतीही ऑनिंग रेल यासाठी बनवलेली नसते.

दिव्यांची पट्टी, मच्छरदाणी, हलका पडदा, एखादा टॉवेल मात्र बिनधास्त लावावा. मच्छरदाणी आणि पडदा शक्यतो सलग केडर असलेलेच घ्यावेत. हुक वापरायचेच असतील तर एका वस्तूला दोन-तीन हुक द्यावेत. दिवे 12 व्होल्टचे एलईडी असावेत, तारेला बॅटरीजवळ फ्यूज असावा, आणि तार सरकत्या दाराच्या फटीत चेमटणार नाही अशी न्यावी.

वारा आणि पाणी

रेलवरचा सर्वांत मोठा भार अडकवलेल्या वस्तूंचा नसतो, वाऱ्याचा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लहान झाडे डोलू लागतात तेव्हा वारा ताशी 36 किलोमीटरच्या आसपास असतो. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे सहा किलो होतो. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद छताखाली असा वारा शिरला, तर ढोबळ हिशेबाने 47 किलोचा उचल-जोर बसतो. वेग दुप्पट झाला, झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या, की हाच आकडा 190 किलोच्या घरात जातो. त्यातला निम्मा खांबांवर आणि निम्मा रेलवर धरला तरी पुढे काय होईल ते सांगायला नको.

त्यामुळे सुट्या छताच्या प्रत्येक खांबाला दोन तणावे हवेत, दोन वेगळ्या दिशांना, जमिनीशी साधारण 45 अंशांत. खुंट्या तणाव्याच्या उलट बाजूला कललेल्या ठोकाव्यात. वाळूत सरळ खुंटी टिकत नाही. तिथे रुंद पात्याची खुंटी किंवा वाळूने भरलेली पिशवी पुरावी लागते. वादळी हवेत अधिक तणावे बांधत बसण्यापेक्षा छत उतरवणे शहाणपणाचे. गुंडाळता येणारी ऑनिंग असेल तर रात्री झोपताना आणि गाडी सोडून फिरायला जाताना ती आत घ्यावी, आकाश निरभ्र असले तरी.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. झोळलेल्या कापडात एक चौरस मीटरचे, सरासरी पाच सेंटिमीटर खोल डबके साचले की 50 किलो झाले. एका बाजूचा खांब मुद्दाम आखूड ठेवला की पाणी तिकडून वाहून जाते.

रेल गाडीला कशी धरली आहे?

फोक्सवॅगनच्या जुन्या टाइप 2 गाड्यांच्या छताला पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ होती. तिला चिमटे किंवा जोडपट्टी लावून ऑनिंग बसवता येई. आजच्या बहुतेक व्हॅनना अशी पन्हळ नसते. रेल चिकटवावी लागते किंवा स्क्रूने बसवावी लागते.

चिकटवलेल्या रेलबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पॉलियुरेथेनचा चिकट थर कितीही भक्कम असला, तरी तो पत्र्याला धरत नाही, रंगाला धरतो. गाडी पूर्वी कुठेतरी पुन्हा रंगवलेली असेल आणि तो रंग नीट बसलेला नसेल, तर रेल रंगाच्या पापुद्र्यासकट निघून येते. असा जोड सरळ खेचला तर बराच भार घेतो, पण एका टोकाकडून सोलत नेला तर थोड्या जोरातही सुटतो. म्हणून रेलच्या टोकांवर काहीही जड अडकवू नये. शिवाय हा पदार्थ हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत, दिवसाला काही मिलिमीटर या गतीने घट्ट होतो. थंड, कोरड्या हवेत आणखी सावकाश. उत्पादकाच्या पत्रकात दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत रेलला हात लावू नये.

स्क्रू लावायचे असतील तर भोक पाडण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे. अनेक नव्या गाड्यांत छताच्या कडेच्या अस्तरामागे पडद्यासारख्या एअरबॅग आणि तारा असतात. तिथे अंदाजाने ड्रिल चालवणे जिवावर बेतू शकते. भोकाच्या उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर आणि रेलमागे ब्युटिल पट्टी आवश्यक आहे. सरकते दार पूर्ण उघडते का आणि उचलायचे छत रेलला घासते का, हेही आधीच तपासावे.

माप आणि क्रम

केडर साधारण चार ते सात मिलिमीटर जाडीचे मिळते. बारीक केडर ताण आला की फटीतून निसटते. जाड केडर अर्ध्यावर अडकते आणि मग जोर लावताना कापड फाटते. विकत घेण्यापूर्वी एक बित्तीचा नमुना तुकडा सरकवून पाहणे सर्वांत खात्रीचे. ऑनिंग जागेवर ठेवून गाडी न्यायची असेल, तर दोन केडर जोडणारी इंग्रजी आठच्या आकाराची प्लॅस्टिकची पट्टी मिळते. ती सरकवून काढली की मांडव उभा राहतो आणि गाडी मोकळी होते.

रेलमध्ये वस्तू फक्त टोकांतून आत जातात, त्यामुळे क्रम आधी ठरवावा लागतो. छत लावून झाल्यावर 'दिव्याचे हुक राहिले' असे लक्षात आले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. टोकाची धारदार कड कानसेने गुळगुळीत करावी, खाचेतली वाळू ब्रशने काढावी आणि कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस नको. त्यात धूळ बसते आणि कापडावर डाग पडतात. एकाने कड आत घालावी, दुसऱ्याने ओढावी. उभे राहायला पक्के स्टूल घ्यावे, चाकावर चढू नये.

निघताना रेल रिकामी करावी. पडदा, हुक, दिवे सगळे काढावे. ताशी 40 वरून 80 किलोमीटरवर गेल्यावर हवेचा दाब चौपट होतो आणि राहिलेला हुक मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जाऊ शकतो.

भाड्याची गाडी आणि कोकणची हवा

युरोपात किंवा न्यूझीलंडमध्ये भाड्याने व्हॅन घेणाऱ्यांनी करारातले ऑनिंगविषयीचे कलम वाचावे. तिचे नुकसान विम्यातून वगळलेले असू शकते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून इथेही अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. स्वतःच्या गाडीला रेल बसवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 ध्यानात ठेवावे. गाडीतला बदल नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणार नाही, याची आरटीओत आधी चौकशी केलेली बरी.

समुद्राकाठी, मग ते तारकर्ली असो वा पोर्तुगाल, खारी हवा ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या स्क्रूच्या सांध्यात घुसते. दोन भिन्न धातू आणि मिठाचे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. परतल्यावर रेल गोड्या पाण्याने धुवावी. दर मोसमात एकदा तिच्या लांबीवरून बोट फिरवून फट कुठे रुंदावली आहे का, कडेचे सीलंट कुठे उकलले आहे का ते पाहावे. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आतल्या छताच्या अस्तरावर रेलच्या रेषेत ओलीचा डाग शोधावा. तो दिसला तर स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी शिरते आहे, आणि पत्र्याला गंज धरण्याआधी रेल उतरवून ते भोक पुन्हा सील करावे लागेल.