टिपणांतील आंकडा : पेण-रोह्याच्या खारजमिनींवरून एक विचार

जुन्या कागदांच्या संग्राहकांत नकाशास मान मोठा व टिपणास कमी, असा प्रकार बहुधा आढळतो. नकाशा रेखीव, रंगविलेला, चौकटींत बसविण्याजोगा. टिपण म्हणजे मोजणीदारानें शेतांत उभें राहून काढलेली ओबडधोबड आकृति आणि तिच्यावर मोडी आंकड्यांची दाटी. पहिला भिंतीवर जातो. दुसरें रुमालांत कुजतें किंवा रद्दींत विकलें जातें. आमच्या मतें हा न्याय उलटा आहे. पेण व रोहे या दोन तालुक्यांतील खारजमिनींचा दाखला घेऊन तें दाखविण्याचा येथें विचार आहे.

भोगावती पेणेवरून धरमतरच्या खाडीस मिळते व कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीस जाते. या खाड्यांच्या कांठची पुष्कळ भातशेती समुद्रापासून हिरावून घेतलेली आहे. खाडीच्या बाजूस मातीचा बांध घालावा, त्यास दगडाचें तोंड द्यावें, भरतीस मिटणारी व ओहोटीस उघडणारी उघाडी ठेवावी, आणि कांहीं पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलें म्हणजे भात लावावें, अशी ही रीति. बांध घालून जमीन उठविण्याच्या व ती राखण्याच्या व्यवहारास शिलोत्री हें नांव जुनें आहे. अशा ठिकाणीं मोजमाप ही केवळ कारकुनी बाब रहात नाहीं. बांधाची उंची वीतभर चुकली तर उधाणाच्या भरतीस सगळें शेत खारें होतें.

मग बांध "पांच हात उंच" असें कागदांत लिहिलेलें सांपडलें तर त्यावरून काय समजावें? सभासदाच्या बखरींत शिवकालीन जमीनमोजणीचें मान दिलें आहे : हात चौदा तसूंचा, पांच हात व पांच मुठी मिळून काठी, वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, एकशें वीस बिघ्यांचा चावर. उलट, पुढें मुंबईकडील कोष्टकांत सोळा तसूंचा हात व चोवीस तसूंचा गज धरीत, आणि तो गज २७ इंचांचा. या कोष्टकाप्रमाणें तसू सव्वा इंचास कांहीं कमी, म्हणजे १⅛ इंच येतो. तेव्हां तोच पांच हातांचा बांध एका मानानें ७० तसू, दुसऱ्या मानानें ८० तसू. तसू दोन्हीकडे सारखाच धरला तरी अंतर दहा तसूंचें, म्हणजे सव्वाअकरा इंचांचें पडतें. एवढ्या फरकांत शेत तरतें किंवा बुडतें. शिवाय ही उंची शेताच्या तळापासून कीं खाडीच्या गाळापासून, हें लिहिलेलें नसेल तर हाताचा निर्णय होऊनहि प्रश्न उरतोच. सारांश, माप पुरें होण्यास तीन गोष्टी लागतात : आंकडा, मानाचें नांव, आणि कोठून कोठवर तीं दोन टोकें. तिहींपैकीं एक गळली कीं उरलेल्या दोन निरुपयोगी होतात.

इंग्रजी अमलांत १८३५ च्या सुमारास इंदापुराकडे गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्या पद्धतीची मोजणी आरंभिली; पुढें ती कोंकणांत आली. तिची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी औरसचौरस तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतांतून एक मूळ रेघ टाकावयाची, शंकूच्या साह्यानें प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनांत लंब मोजावयाचे, आणि सर्व लांब्या साखळी-आण्यांत टिपणावर लिहावयाच्या. आकृति प्रमाणांत नसे. तशी असण्याची गरजच नव्हती, कारण प्रत्येक रेघेची लांबी तिच्याजवळ लिहिलेली असे. त्यावरून त्रिकोणांचें व चौकोनांचें क्षेत्र काढून हिशेब गुणाकारबुकांत मांडीत. गांवचा नकाशा या सर्वांनंतरचा, आणि त्यावर शेताच्या बाजूंच्या लांब्या लिहिलेल्या नसतात.

पुष्कळ गांवनकाशांचें प्रमाण एक इंचास दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट असें आहे. कागद हवेनें आखडतो व फुगतो. दहा इंचांची रेघ एक दशांश इंच आखडली तर जमिनीवर ३३ फुटांची चूक होते. सबंध बांधाची रुंदी तीत गडप होईल. हीच अडचण पुढें सर्व स्थापत्यांत आली. सर जॉन हर्शेल यानें १८४२ त शोधलेल्या निळ्या छापाच्या रीतींत कागद पाण्यांत धुवावा लागे व वाळतांना त्याचें माप बदले. म्हणून नकाशावरील रेघ मोजून काम करूं नये, लिहिलेलें मापच प्रमाण मानावें, हा नियम स्थापत्यांत रूढ आहे. आमच्या मोजणीदारांच्या टिपणांत हें तत्त्व अगोदरच पाळलेलें दिसतें.

परंतु आंकडा नकलतांनाहि सावधपणा पाहिजे. मोडींत पाव, अर्धा, पाऊण हे एक, दोन, तीन उभ्या दंडांनीं दाखवितात. एका टिपणाची नक्कल करतांना "४॥" यांतील दंड वाक्यान्तीचे समजून आम्हीं नुसते "४" लिहिले. मूळ रेघ दहा साखळ्यांची, लंब साडेचार. त्रिकोणाचें क्षेत्र साडेबावीस गुंठे हवें, तें आमच्या नकलेनें वीस आलें. गुणाकारबुकाशीं ताडून पाहिलें तेव्हां चूक उमगली. तें बुक सोबत नसतें तर अडीच गुंठे जमीन आमच्या लेखणीनें नाहींशी झाली असती. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. तेव्हांपासून फूट कीं मीटर, साखळी कीं हात, हें न लिहितां नुसता आंकडा उतरविणें अधिकच घातक झालें आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. खारबांधास खांड पडली म्हणजे भरतीचें पाणी शेतांत येतें. वेळीं खांड भरली नाहीं तर आंतील लहान बांध विरघळतात, चिखलावर तिवरें उगवतात, आणि कोणाचें शेत कोठें हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. अशा वेळीं तीं शेतें केवळ टिपणांत शिल्लक राहतात.

यास्तव संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे कीं, टिपण व गुणाकारबुक एकत्र ठेवावें. छायाचित्र घेतांना शेजारीं मोजपट्टी ठेवावी. नकलेंत दंडासुद्धां प्रत्येक खूण जशीच्या तशी उतरवावी. आणि आधुनिक माप द्यावयाचें तर मूळ मापाखालीं द्यावें, त्याच्या जागीं नव्हे. सुंदर नकाशा गेला तर टिपणांवरून तो पुन्हां काढतां येईल. टिपणें गेलीं तर नकाशावरून तीं पुन्हां लिहितां यावयाचीं नाहींत.