विधवेचा वाटा कुणी अडवला?

हिंदू कोड बिलाचा विषय निघाला की आपल्या सभांमध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. बाबासाहेबांनी मुलीला बापाच्या संपत्तीत वाटा मागितला, आणि बिल रखडवले म्हणून मंत्रिपदावर लाथ मारली. दोन्ही खरे आहे, राजीनाम्याला आणखीही कारणे होती एवढेच. पण त्याच बिलात नवरा मेलेल्या बाईच्या जमिनीचा, घराचा जो प्रश्न होता, त्यावर भाषण करणारा वक्ता आम्हाला क्वचितच भेटला. विधवा म्हटले की आपल्याकडे केशवपन आठवते, सती आठवते. सातबारा आठवत नाही. आमचे म्हणणे असे आहे की त्या बिलातला जातीच्या मुळावर घाव घालणारा भाग नेमका हाच होता.

बाबासाहेबांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यातली मांडणी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवी. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे. नवरा मेला की त्याची बायको जातीच्या हिशोबात 'जास्तीची' ठरते. ती जातीबाहेर लग्न करील, किंवा जातीतल्याच एखाद्या तरुण मुलीच्या वाटणीचा नवरा घेईल, ही भीती. म्हणून एक तर तिला जाळा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. आता यापुढचा प्रश्न आम्ही जोडतो. जाळायचे नाही आणि लग्नही करू द्यायचे नाही, तर तिला त्या घरात धरून ठेवायचे कशाने? धर्माच्या धाकाने ठेवले, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे कायद्याच्या पुस्तकांत आहे.

मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात पुरुष मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे आपोआप सरकत असे, मुलांकडे, मुले नसतील तर भावांकडे. बायकोला काय? अन्न, वस्त्र आणि राहायला एक खोली. कुटुंब विभक्त असेल आणि मुलगा, नातू नसेल तरच मालमत्ता तिच्याकडे येई. पण तीही मर्यादित. तिने त्या शेताचे उत्पन्न खावे, शेत विकू नये. नवऱ्याचे कर्ज, त्याचे क्रियाकर्म, मुलीचे लग्न असली 'कायदेशीर गरज' दाखवली तरच विक्री टिकायची. ती मेली की जमीन तिच्या वारसांकडे नाही, नवऱ्याच्या वारसांकडे परत. म्हणजे दीर आणि पुतणे तिच्या मरणाकडे डोळे लावून बसलेले, आणि तिने एक गुंठा विकला तरी कोर्टात धावणारे. तिला मालकीण म्हणत असतीलही, ती राखणदार होती.

१८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा शाळेत सुधारणेचा मोठा टप्पा म्हणून शिकवतात. त्याचे कलम २ मात्र कोणी शिकवत नाही. विधवेने पुन्हा लग्न केले तर मृत नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा सगळा हक्क, जणू ती त्याच दिवशी मेली असे समजून, संपेल आणि नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे जाईल, असे ते कलम होते. लग्नाची परवानगी एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने जमीन काढून घेतली.

हा कायदा मुळात कोणासाठी होता? ज्या जातींत विधवेचे लग्न निषिद्ध होते त्यांच्यासाठी. महार, मांग, कुणबी, धनगर अशा असंख्य जातींत पाट किंवा म्होतूर पिढ्यान्‌पिढ्या लागत होता. त्यांना कलकत्त्याच्या विधिमंडळाच्या परवानगीची गरजच नव्हती. तरीही १८९० च्या दशकात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ठरवले की ज्या जातींत पाट रूढ आहे त्या जातींतल्या विधवेलाही कलम २ लागू होईल. अलाहाबाद हायकोर्टाने नेमका उलटा अर्थ लावला होता, रूढीने लग्न करणारीचा हक्क जात नाही असा. म्हणजे दुसरा अर्थ लावता येत नव्हता असे नाही. इकडच्या कोर्टाने बहुजन बाईला ब्राह्मणी कायद्याच्या दावणीला बांधले. ज्यांच्या घरात विधवेच्या लग्नाला बंदी नव्हती, त्यांच्या घरात त्या लग्नावर दंड बसला, आणि तोही 'सुधारणा' नावाच्या कायद्यातून.

आणखी एक विसंगती बघा. १८८० साली आसाममधल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की नवऱ्याची मालमत्ता एकदा विधवेकडे आली की नंतरच्या 'बदचलनी'मुळे ती काढून घेता येत नाही. बाईच्या चारित्र्यावर कोर्टात चर्चा करणे घाणेरडेच, पण दोन्ही नियम शेजारी ठेवा. लग्नाशिवाय कोणाबरोबर राहिली तर जमीन राहते. चारचौघांत, पंचांच्या समोर पाट लावला तर जमीन जाते. हे नीतिमत्तेचे रक्षण म्हणायचे का? रक्षण कुळाच्या जमिनीचे होते. तिचे लग्न म्हणजे जमीन दुसऱ्या कुळात जाण्याची शक्यता, म्हणून लग्नावर पहारा.

आता आपल्या स्वतःच्या घरात येऊ. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बिल आणले, ते आपण अभिमानाने सांगतो. ते वतन ज्या १८७४ च्या वतन कायद्याने चाले, त्यात १८८६ साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने वतनदार कुटुंबातल्या स्त्रियांना आणि स्त्रीच्या बाजूने वारसा सांगणाऱ्यांना वारसाच्या रांगेत सगळ्या पात्र पुरुषांच्या मागे उभे केले. अपवाद एकच, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा. आणि तिचा हक्क तरी कसा? ती जिवंत असेपर्यंत, किंवा पुन्हा लग्न करीपर्यंत.

पाटील-कुलकर्ण्यांची मोठी वतने आणि महारांचे तुटपुंजे वतन एकाच कायद्याखाली होते. गावचे सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे, त्याच्या बदल्यात वाटण्या होऊन होऊन उरलेला जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यावरसुद्धा महार विधवेचा हक्क पाट लागला की संपला. ज्या समाजात तिचे दुसरे लग्न पाप नव्हते, तिथे सरकारी कायद्याने ते महाग केले. आमच्या आज्या-पणज्यांनी दुसरे घर केले तेव्हा त्या रित्या हाताने का गेल्या, याचे उत्तर शोधताना 'आपल्यातही पुरुषप्रधानता होती' एवढ्यावर थांबणे आम्हाला पटत नाही. ती होतीच. पण तिला कलम आणि शिक्का कोणी पुरवला तेही लिहिले पाहिजे.

१९३७ साली मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. तो अमलात आला ती तारीख योगायोगाने १४ एप्रिल. या कायद्याने विधवेला पहिल्यांदा मुलाच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला आणि वाटणी मागण्याचा हक्कही. हे थोडे नव्हे. पण हिस्सा पुन्हा मर्यादितच. विकायचा नाही, तिच्यामागे नवऱ्याच्या वारसांकडे परत. मुलीचे नाव तर कायद्यातून गळालेच. आणि १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले की प्रांतांमधल्या शेतजमिनीला हा केंद्रीय कायदा लागूच होत नाही, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय. ज्या देशात संपत्ती म्हणजे जमीन, तिथे जमीन वगळलेला मालमत्ता कायदा! पुढे प्रांतांना आपापले कायदे करून ती भर घालावी लागली.

बी. एन. राव समितीच्या मसुद्यापासून सुरू झालेले हिंदू कोड बिल बाबासाहेबांच्या हाती आले ते या पार्श्वभूमीवर. ९ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. बिलात जन्मसिद्ध हक्काची मिताक्षरा व्यवस्थाच रद्द होत होती. विधवा, मुलगी आणि आधी मेलेल्या मुलाची विधवा यांना मुलाच्या रांगेत बसवले होते. आणि स्त्रीची मर्यादित मालकी संपवून पूर्ण मालकी दिली होती. बायका जमीन सांभाळू शकत नाहीत, कोणीही फसवून घेईल, हा विरोधकांचा लाडका मुद्दा. त्यावर बाबासाहेबांचा युक्तिवाद साधा होता. स्त्रीधन विकायला ती सक्षम आहे असे तुमचेच शास्त्र मानते, मग वारसाने आलेली मालमत्ता विकायला तीच बाई अक्षम कशी? घटस्फोटाच्या मुद्द्यावर तर त्यांनी सभागृहाला हिशोबच घातला. ९० टक्के लोक ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्यांच्यात घटस्फोट रूढ आहे, मग १० टक्क्यांचा कायदा ९० टक्क्यांवर लादायचा का? पाटाच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने जे केले होते, त्याला हेच उत्तर लागू पडते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले, त्यात बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नाही असे सांगितले आहे. त्या दहनाचा कायद्यातला पुढचा टप्पा म्हणजे ही पूर्ण मालकीची तरतूद. करपात्री महाराजांपासून राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांपर्यंत विरोधक होते. बिल लटकले, सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेब बाहेर पडले.

पुढे नेहरू सरकारने बिलाचे तुकडे करून कायदे केले. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. त्याने एकत्र कुटुंबातला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला, ती दुरुस्ती २००५ पर्यंत थांबली. पण कलम १४ मध्ये बाबासाहेबांची तरतूद वाचली. हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, आधी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. आंध्रमधल्या एका विधवेला १९४९ च्या तडजोडीत पोटगीपोटी हयातीपुरती मालमत्ता मिळाली होती. तिने ती विकली तेव्हा दिराने दावा लावला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ती पूर्ण मालकीण. पोटगीचा हक्क हा दयेचा तुकडा नाही, मालमत्तेशी जोडलेला हक्क आहे.

महाराष्ट्रातला खटला सांगलीचा. १९६० साली नवरा गेला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. दोन घरे, जमीन, दुकाने. खालच्या कोर्टाने विधवेला चोविसावा हिस्सा दिला. तिचे म्हणणे ७/२४ चे होते. हिशोब असा: नवरा मरण्याच्या क्षणी वाटणी झाली असती तर मिताक्षरेच्या आपल्याकडच्या नियमाप्रमाणे नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. म्हणजे तिचा १/४ आधीच पक्का. मग नवऱ्याच्या १/४ चे सहा वारसांत सहा भाग, त्यातला तिचा १/२४. बेरीज ७/२४. हायकोर्टाने मानले, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. २००५ नंतर मुलीही सहहिस्सेदार झाल्याने आकडे बदलतील, तत्त्व तेच राहते. तिचे दोन हक्क आहेत, एक वाटणीतला स्वतःचा आणि दुसरा वारसाचा. वारस फेरफार करताना पहिला सोयीने विसरला जातो.

काही तरुण विचारतात, आपण बौद्ध, मग 'हिंदू' नावाच्या या कायद्याशी आपला काय संबंध? संबंध थेट आहे. कलम २ प्रमाणे बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकार अधिसूचना काढीत नाही तोवर तो लागू नाही, आदिवासी बहिणींची लढाई म्हणून वेगळी आणि जास्त कठीण आहे. १९५९ मध्ये महार वतने खालसा होऊन जमिनी पुन्हा कब्जेदारांच्या नावे झाल्या, त्या जमिनींच्या वारसालाही आज ना पाटाची अट आहे ना हयातीची. १९५६ नंतर नवऱ्याचा वारसा मिळालेली विधवा पुन्हा लग्न करो वा न करो, तिचा हिस्सा तिचाच. १८५६ चा तो कायदाही १९८३ मध्ये रद्द झाला.

तरीही आपल्या वस्तीत काय चालते? बाप गेला की दहाव्याला जमलेले लोकच ठरवतात, 'पोरांची नावं लावा, म्हातारीला कोण टाकतंय?' आईचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात ढकलायचे, नाही तर हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. पुढे पैठणी नेसवून तिचा सत्कार करायचा. अन्न, वस्त्र, एक खोली, ही १९३७ च्या आधीची व्यवस्था आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो लावून ती चालवता येणार नाही. तरुण विधवेच्या बाबतीत तर 'ती उद्या दुसरं घर करील' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. करू द्या. जमीन तिचीच आहे.

आणि कायद्यातही अजून एक खिंडार आहे, ज्यावर आपल्या संघटनांच्या निवेदनांत एक ओळ सापडत नाही. कलम १५. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता मेली तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा, तिच्या आईबापांचा त्यांच्यामागे. एका बाईचे १९५५ साली पंधराव्या वर्षी लग्न झाले. तीन महिन्यांत नवरा साप चावून मेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली, १९९६ मध्ये ती मेली तेव्हा बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत बरीच रक्कम होती. सासरच्या माणसांनी ती मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती त्यांनाच दिली, कारण कलमच तसे आहे आणि सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. २००८ च्या २०७ व्या अहवालात विधी आयोगाने सुचवले होते की अशा स्वकष्टार्जित मालमत्तेत माहेरच्या आणि सासरच्या वारसांना सारखा वाटा द्यावा. ती दुरुस्ती झालेली नाही. ती होईपर्यंत नोकरी करणाऱ्या, घर घेतलेल्या आपल्या प्रत्येक बहिणीने मृत्युपत्र लिहून ठेवावे. साध्या कागदावर, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही.