सोलापूर नगरी : सामर्थ्य आणि ऋण

सोलापूरची ओळख बाहेरच्या माणसाला बहुधा उणिवांतूनच होते. कडक ऊन, बेभरवशाचा पाऊस, नळाला काही दिवसांआड येणारे पाणी आणि बंद पडलेल्या गिरण्या. ही ओळख खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. ज्या भूमीत निसर्गाने हात आखडता घेतला, त्या भूमीतील माणसांनी काय उभे केले, हे पाहिल्याशिवाय या नगरीचे मोल कळत नाही.

श्री सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि गुजराती या भाषा एकाच पेठेत नांदतात. बाराव्या शतकातील या शिवयोग्याने अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि तलाव खोदविला, अशी येथील श्रद्धा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज साऱ्या शहराचे असतात. दुष्काळी मुलुखात देवळाइतकेच तळ्यालाही पावित्र्य मिळावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

इ. स. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली. लोक तिला पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावरचे कसब आणले आणि सोलापुरी चादर घराघरांत पोहोचली. भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळविणाऱ्या देशातील आरंभीच्या वस्तूंत तिची गणना होते.

कामगारांच्या या नगरीने स्वाभिमानाचीही किंमत मोजली. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात महात्माजींच्या अटकेची वार्ता येताच शहर खवळले, गोळीबार झाला आणि काही दिवस इंग्रजी सत्ता येथे नावापुरतीही उरली नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. चौघांची नावे वाचली तरी या शहराची वीण ध्यानात येते.

या विणीत जैन समाजाचा धागा जुना आहे. हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' या नियतकालिकाद्वारे समाजात विद्येची व सुधारणेची आस जागविली. १८८५ मध्ये ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेची स्थापना झाली. या रोपट्याची पुढे महाविद्यालये झाली आणि त्यांत सर्व जातिधर्मांची मुले शिकली. पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे स्त्रियांना शिक्षणाची व स्वावलंबनाची वाट मोकळी करून दिली.

हिराचंदांचे सुपुत्र वालचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. १९१९ मध्ये 'लॉयल्टी' ही त्यांच्या कंपनीची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. बंगळूरला विमान कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना त्यांच्या उद्यमाने उभा राहिला. याच शहरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तेथील जखमींची शुश्रूषा करीत असतानाच १९४२ मध्ये त्यांनी देह ठेवला. सोलापूरने मोठी माणसे घडविली. मात्र त्यांचे कर्तृत्व फुलले ते अन्यत्र. ही गोष्ट अभिमानाची आहे, तशीच अंतर्मुख करणारीही आहे.

म्हणूनच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे स्मरण येथे अगत्याचे ठरते. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी गजपंथ क्षेत्री विद्वानांना एकत्र केले आणि त्या विचारमंथनातून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्मास आला. प्रारंभी तीस हजार रुपये देऊन ते थांबले नाहीत. पुढे त्यांनी आपली सारी मालमत्ताच संघास अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेतून डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 'तिलोयपण्णत्ति'सारखे प्राकृत ग्रंथ प्रकाशात आले आणि सोलापूरचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेले. संपत्ती साठविण्यासाठी नसते, ती सोडता आली तरच तिचे सार्थक होते, हा अपरिग्रहाचा अर्थ त्यांनी प्रवचनातून नव्हे, आचरणातून सांगितला.

त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. शिकलेली मुले पुण्या-मुंबईची गाडी धरतात. तरीही शहर खचलेले नाही. यंत्रमागावर टॉवेल विणले जातात, गणवेश शिवले जातात. विडी वळणाऱ्या महिलांनी संघटित होऊन कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभारून घेतली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. दिवसभर पाने कातरून विड्या वळणाऱ्या हातांनी स्वतःचे छप्पर मिळविले, यापरते सामर्थ्य ते कोणते?

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात देणग्यांचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडलाही पाहिजे. परंतु त्या हिशेबाला दुसरीही बाजू असते. सोलापुरातील पेढ्या चालल्या त्या विणकरांच्या, हमालांच्या आणि शेतकऱ्यांच्या घामावर. पाठशाळा, वाचनालये, आश्रम हे समाजाने शहरावर केलेले उपकार नव्हेत. ती ऋणाची परतफेड होती. पूर्वसूरींनी ती मुकाट्याने केली. ऋण मात्र अद्याप फिटलेले नाही, आणि ज्या पिढीला त्याची जाणीव राहील, तिच्याच हाती या नगरीचे उद्याचे सामर्थ्य सुरक्षित असेल.