पिलाटस : जगातील सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे

स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न शहराच्या नैर्ऋत्येस पिलाटस पर्वत उभा आहे. सरोवराकाठच्या आल्पनाखश्टाड गावातून निघणारी रेल्वे अवघ्या ४.६ किलोमीटरच्या वाटेत सोळाशे मीटरहून अधिक उंची गाठते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २०७० मीटरवर असलेल्या पिलाटस कुल्म स्थानकात पोहोचते. तिचा सर्वाधिक चढ ४८ टक्के आहे; म्हणजे आडवे शंभर मीटर अंतर कापताना गाडी ४८ मीटर वर जाते. मराठी प्रवाशाच्या परिचयाच्या बोरघाटातील लोहमार्गाचा तीव्र चढ तीन टक्क्यांच्या आत आहे, तर नेरळ-माथेरान गाडीचा सुमारे पाच टक्के. भारतातील एकमेव दातेरी रेल्वे असलेल्या नीलगिरी मार्गावरही तो आठ टक्क्यांच्या आसपासच आहे. यावरून पिलाटसच्या चढाची कल्पना यावी.

आडव्या दात्यांची युक्ती

साधी रेल्वे चाक व रूळ यांतील घर्षणाच्या बळावर चालते. चढ फार वाढला की चाके जागीच घसरू लागतात. त्यावर उपाय म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून तीत गाडीखालचे दातेरी चाक गुंतवतात. निकोलाउस रिगेनबाख यांनी १८७१ मध्ये शेजारच्या रिगी पर्वतावर अशीच रेल्वे नेली. मात्र त्या रचनेत चाक वरून पट्टीत बसते. चढ अतिशय तीव्र झाल्यास ते दात्यांवर चढून बाहेर निसटण्याचा धोका असतो, आणि डोंगरावर असे निसटणे म्हणजे सर्वनाश. पिलाटससाठी १८७३ मध्ये पुढे आलेल्या पहिल्या योजनेत म्हणूनच चढ २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला होता. त्यामुळे मार्ग लांबला असता आणि खर्चही वाढला असता.

अभियंता एडुआर्ड लोखर यांनी दात्यांची दिशाच बदलली. त्यांनी पट्टीच्या दोन्ही बाजूंना दाते कोरले आणि डाव्या-उजव्या अंगाने आडवी फिरणारी दोन दातेरी चाके तिला भिडवली. चिमट्यात धरावी तशी ही चाके पट्टी घट्ट धरतात. त्यांच्या खालच्या कडा पट्टीखाली गेलेल्या असल्याने गाडी वर उचलली जात नाही आणि जोरदार वाऱ्यातही कलंडत नाही. सरकारी अनुदान न घेता, खासगी भांडवलावर उभारलेला हा मार्ग ४ जून १८८९ रोजी सुरू झाला. आरंभीच्या वाफेच्या गाड्यांत बॉयलर आडवा बसवलेला असे, जेणेकरून तीव्र चढावरही आतील पाण्याची पातळी बिघडू नये. १९३७ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण झाले. २०२३ मध्ये नवे डबे आले. दातेरी पट्टीचे तत्त्व मात्र लोखर यांचेच आहे.

प्रवास कसा असतो?

येथील फलाटही जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा आहे. डब्यातील कप्पे तसेच एकावर एक चढत गेलेले असल्याने प्रवासी बऱ्यापैकी ताठ बसतो. बाहेरील झाडे मात्र डब्याच्या तिरक्या रेषांमुळे कलल्यासारखी भासतात. प्रारंभी दाट जंगल लागते. वाटेतील एम्सिगेन येथे वर जाणाऱ्या व उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडतात. या रचनेत नेहमीचे सांधे बसवता येत नसल्याने गाडी दुसऱ्या मार्गावर नेण्यासाठी रुळांचा अख्खा तुकडाच हलवावा लागतो. दातेरी पट्टी त्या वेळी नीट पाहावी. पुढे गुरांच्या घंटा वाजणारी कुरणे येतात आणि शेवटी एझेल शिखराच्या खडकात कोरलेली वाट व बोगदे. चढण्यास सुमारे अर्धा तास लागतो. उतरताना वेग मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे वेळ थोडा अधिक जातो. दरी समोर दिसत असल्याने खरी धडकी उतरतानाच भरते. पुढची जागा मिळाल्यास सोडू नये.

प्रवाशांसाठी

ही रेल्वे साधारणपणे मेपासून नोव्हेंबरपर्यंत चालते व हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. त्या काळात पर्वताच्या दुसऱ्या अंगाच्या क्रीन्स येथून आकाशपाळणा शिखरापर्यंत जातो. उन्हाळ्यात ल्यूसर्नहून बोटीने आल्पनाखश्टाड, दातेरी रेल्वेने शिखर आणि आकाशपाळण्याने क्रीन्समार्गे परत अशी फेरी एका दिवसात करता येते. उतरणीचा अनुभव हवा असल्यास हीच फेरी उलट दिशेने करावी. शिखरावर पायथ्यापेक्षा सुमारे दहा अंश कमी तापमान असू शकते, म्हणून उबदार कपडे सोबत हवेत. ढगांत सारे दृश्य हरवते. तिकीट घेण्यापूर्वी शिखरावरील कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून घ्यावे आणि शक्य असल्यास मुक्कामात एक दिवस राखून ठेवावा.