राखेतले सोने : सावडणारे आणि धुणारे

धारूरचा इतिहास म्हटला की किल्ला आठवतो. आदिलशाही सरदार किश्वरखान लारीने सोळाव्या शतकात बांधलेला हा किल्ला पुढे निजामशाहीने आणि मोगलांनी भोगला. अशा सत्तांच्या खजिन्यांची मोजदाद तवारिखांतून सापडते. याच मुलखातील सामान्य माणसाबरोबर चितेवर गेलेल्या गुंजभर सोन्याची मोजदाद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ते सोने कोठे गेले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु तो धरून चालू लागलो की आपण समाजाच्या तळाशी जाऊन पोहोचतो.

आपल्याकडे मृताच्या मुखात तुळशीपत्र, गंगाजल आणि ऐपत असेल तर सोन्याचा कण ठेवतात. अंत्येष्टीच्या ग्रंथांत मस्तकाच्या सात छिद्रांवर सुवर्णखंड ठेवण्याचे विधान आढळते. काही घरांतून सुवासिनीबरोबर मंगळसूत्रातील एखादा मणी जातो. दंतवैद्यकाने विसाव्या शतकात यात भर घातली. हौसेने बसवलेला सोन्याचा दात किंवा टोपी काढून घेण्याचे धारिष्ट्य घरचे सहसा करीत नाहीत.

अग्नी या धातूंचे काय करतो? लाकडाच्या चितेचे तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तेही सर्वत्र सारखे नसते. चांदी ९६२ अंशांना वितळते, शुद्ध सोने १०६४ अंशांना. दाताचे सोने मात्र शुद्ध नसते. त्यात चांदी, तांबे, पॅलेडियम मिसळलेले असल्याने मिश्रणानुसार ते कधी वितळून मण्यासारखे गोठते, तर कधी जवळपास मूळ आकारातच राहते. दातात भरलेल्या चांदीच्या मिश्रणातील पारा ३५७ अंशांनाच वाफ होऊन हवेत जातो. आज गुडघ्यात आणि खुब्यात बसवले जाणारे टायटॅनियम १६६८ अंशांपर्यंत दाद देत नाही, म्हणून ते राखेत अखंड सापडते. तात्पर्य, सोने जळत नाही. ते केवळ नजरेआड होते.

नजरेआड झालेले शोधण्याचे दोन व्यवहार मराठी मुलखात शेजारीशेजारी नांदले. पहिला सावडण्याचा. तिसऱ्या दिवशी आप्त राख सावडतात, अस्थी वेचतात, त्या गोदावरीत गंगाखेडला किंवा पैठणला नेतात. हे सावडणे अस्थींपुरतेच असते, राखेत सोने हुडकणे अशोभनीय मानले जाते. दुसरा व्यवहार झारेकऱ्यांचा. सोनाराच्या दुकानातील केरमाती विकत घेऊन ती धुणे हा त्यांचा धंदा. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, त्यामुळे पसरट भांड्यात माती घोळवली की हलके ते वाहून जाते आणि कण तळाशी बसतो. हीच रीत स्मशानातील राखेला आणि नदीघाटावरील वाळूलाही लागू पडली. नाशिकच्या रामकुंडावर किंवा काशीच्या घाटांवर पाण्यात उभे राहून राखगाळ चाळणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. कुटुंबाने ज्याचा त्याग केला, त्यावर कुणाची तरी चूल पेटते.

हा त्याग आणि ही चूल यांचा संबंध योगायोगाचा नव्हे. स्मशानातील उत्पन्नाची वाटणी जातिव्यवस्थेने फार पूर्वीच केली होती. पुराणातला हरिश्चंद्र स्मशानात राबतो आणि शवामागे कर मागतो. ती कथा सत्त्वपरीक्षेची म्हणून सांगितली जाते, पण ती स्मशानाच्या अर्थकारणाचीही साक्ष आहे. बीदरच्या बादशहाने महारांना दिल्याचे सांगितले जाणारे बावन्न हक्क आपल्या भागात परंपरेने सर्वश्रुत आहेत. प्रेतावरील वस्त्र हा त्यांतलाच एक हक्क. मराठवाड्यातील मसणजोगी समाजाच्या तर नावातच मसण आहे. ज्याला हक्क म्हटले गेले ते वस्तुतः अपवित्र ठरवलेल्या गोष्टींचे वाटप होते. पावित्र्य वरच्यांनी राखले आणि राख खालच्यांच्या वाट्याला आली.

मराठी साहित्यात या राखेला थेट हात घातला तो अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा वारणाकाठचा. पोटासाठी तो मुंबईला येतो, उपनगरातील खाणीवर राबतो. खाण बंद पडते आणि एके दिवशी चितेच्या राखेत त्याला सोने सापडते. राख चाळता चाळता तो प्रेते उकरण्यापर्यंत जातो. मृताच्या जबड्यात सोने शोधताना त्याची बोटे अडकतात, पुढे ती कापावी लागतात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. विद्यार्थी या कथेला पुष्कळदा भयकथा म्हणतात. आमच्या मते तिच्यातील भय प्रेताचे नाही, बेकारीचे आहे. दगड फोडणारे हात हीच भीमाची खरी दौलत होती. राखेतल्या सोन्यापायी तीच गेली.

जगात आज या सोन्याला नियम लागले आहेत. नेदरलँड्समध्ये १९९७ पासून एक कंपनी दाहिन्यांतील कृत्रिम सांधे गोळा करून वितळवते. जपानमधील नागोया, योकोहामा यांसारख्या शहरांच्या पालिका राखेतील मौल्यवान धातू विकून उत्पन्न तिजोरीत घालतात. जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने २०१५ मध्ये दाताचे सोने हा राखेचाच भाग मानून ते उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोषी धरले. या संवेदनशीलतेमागे युरोपची एक जखमही असावी : नाझी छळछावण्यांत मारलेल्यांच्या दातांचे सोने उपटून राइश्सबँकेत जमा केले जात होते. आपल्याकडेही मृत्युसमयी व्यक्तीजवळ असलेली मालमत्ता लाटणे हा भारतीय दंड संहितेच्या ४०४ व्या कलमाने गुन्हा होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३१५ व्या कलमात आहे.

मात्र तेच सोने पालिकेने विकले तर महसूल, कंपनीने वितळवले तर पुनर्वापर, आणि भुकेल्याने वेचले तर विटंबना, असे तीन शब्द आपण वापरतो. धातू एकच, हात वेगळे. दसरा सरला की या जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयते घेऊन उसाच्या फडांकडे निघतात. त्यांच्या मुलांना वर्गात भीमा शिकवायचा, तर त्याच्या पापपुण्याचा हिशेब मागण्याआधी त्याची खाण कुणी बंद केली हे विचारावे लागेल. राखेतल्या सोन्याचा इतिहास आम्हांला याच प्रश्नापाशी आणून सोडतो.