पाटीलबावांचे फर्मान

१७९२ सालच्या जूनमध्ये महादजी शिंदे पुण्यास आले ते बादशहाचे फर्मान घेऊन. शाहआलमने पेशव्यांस ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी, नेमले होते. मूळ नेमणूक १७८४ ची. मधल्या काळात, १७८८ मध्ये, गुलाम कादिराने बादशहाचे डोळेच काढले. फर्मानातील शब्दांचा डौल मात्र तिळभर उतरला नव्हता!

नाना फडणिसांस हे रुचले नाही. त्यात शिंद्यांविषयीचा मत्सर मुळीच नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु त्यांचा एक आक्षेप निखळ शब्दाविषयी होता. ‘महाराजाधिराज’ ही पदवी पेशव्यांनी घ्यावी कशी? ते तर छत्रपतींचे सेवक. छत्रपती साताऱ्यास निर्बंधात होते, आणि तेही नानांच्याच कारभारात, ही गोष्ट निराळी! तथापि पेशव्यांचा सारा अधिकार त्यांच्याच नावाने चाले. अखेर साताऱ्याहून अनुज्ञा आणविली, तेव्हा कोठे समारंभ पार पडला.

महादजी स्वतःस पाटीलच म्हणवीत. भेटीच्या वेळी त्यांनी पेशव्यांपुढे नवे जोडे स्वहस्ते मांडले. ही नम्रता खरी की हिशेबी, यावर इतिहासकार अद्याप वाद घालतात. दिल्लीचा किल्ला त्या दिवशी पाटलांच्याच ताब्यात होता.